मागावरचा केस

१

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. सातवीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे लिहायचं सजीव, उजवीकडे निर्जीव, आणि मग पोट्ट्यांकडून लक्षणं वदवून घ्यायची. अन्न घेणं, श्वास घेणं, वाढणं, हालचाल, नको ते बाहेर टाकणं, कोणी डिवचलं तर कळणं, आणि आपल्यासारखा दुसरा जीव जन्माला घालणं. हे शेवटचं आलं की मागच्या बाकावरची मुलं एकमेकांकडे पाहून हसायची आणि मी डस्टर आपटायची. जरा जास्तच जोरात आपटायची, कारण पराते मॅडमला मूलबाळ नाही हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं.

दरवर्षी एखादं कार्टं विचारायचंच, "मॅडम, नखं वाढतात, केस वाढतात, मग ते सजीव की निर्जीव?"

"कापल्यावर दुखतं का?"

"नाही मॅडम."

"मग निर्जीव. लिही."

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मला कोणी अंगात येणारी बाई समजू नये. मी चिडकी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. जळकी आहे, हे आत्ता पहिल्यांदा कबूल करते. आणि बोलताना मी आपलं नागपुरीच बोलते, लिहायला बसली की शाळेतली भाषा येते. दोन्हीची खिचडी झाली तर चालवून घ्या.

२

आमचे हे, शालिकराम. मूळ उमरेडच्या कोष्ट्याच्या घरचे, पण ह्यांनी माग सोडून पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नोकरी धरली. लग्न झालं तेव्हापासून एकच ऐकत आली, "रिटायर झालो की मंग पाहू." सोबत फिरायला जाणं, सोबत दुपारचा चहा, चार शब्द धड बोलणं, सगळं 'मंग पाहू'वर टांगलेलं. मी वाट पाहिली. गेल्या वर्षी दोघंही रिटायर झालो. म्हटलं, चला, आता हा माणूस माझा.

दिवाळीनंतर सासूबाई गेल्या, जनाबाई. आणि त्यांचा हातमाग आमच्या प्रतापनगरच्या घरी आला.

स्वयंपाकघराचा ओटा बदलून द्या म्हणून मी बारा वर्षं ह्यांच्या मागे लागली होती. मागासाठी ह्यांनी गाडीच्या बाजूच्या खोलीतली चांगली फरशी एका दिवसात फोडली आणि कमरेइतका खड्डा खणला. त्या खड्ड्यात पाय सोडून जमिनीवर बसायचं, खाली पायांनी पावड्या दाबायच्या, वर हातानं आडवा धागा नेणारा धोटा फेकायचा. मागाची लाकडं उमरेडहून टेम्पोत आली, लाकडांसोबत मी आली. आणि हे आले लाल बसनं, खिडकीजवळ बसून, मांडीवर मागाची फणी आणि तिच्यात ओवलेले जुने उभे धागे आईच्या लुगड्यात गुंडाळून. टेम्पोत धक्के बसतात म्हणे. मला बसले ते चालले.

"धागे तुटले असते वं," हे म्हणाले.

"तुटले असते तर नवे लावता आले असते ना जी."

असं पाहिलं माझ्याकडे, जशी मी काही शिवीच दिली. मग मला शिकवायला बसले. कोष्ट्याच्या घरी मागावरचे धागे कधी संपू देत नाहीत. कापड विणून झालं की वीतभर उभे धागे मागावर तसेच ठेवायचे, आणि नवा एकेक धागा त्या जुन्या धाग्याला राख लावून, चिमटीत पिळून जोडायचा. ती सांधणी. जुनं कापडात निघून जातं, नवं त्याच्यामागून येतं, पण माग रिकामा म्हणून होत नाही.

"आईच्या सासऱ्यापासून हा माग एक दिवस रिकामा नाही," हे म्हणाले. सांगताना आवाज भरून आला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, माझ्याविषयी बोलताना ह्यांचा आवाज कधी भरून आला नाही.

आणि 'रिकामा' हा शब्द सासूबाई माझ्याकडे पाहून कशा म्हणायच्या, ते मला माहीत आहे.

३

सकाळी सहाला चहा घेऊन हे मागावर बसायचे ते बारापर्यंत. दुपारी जेवून एक डुलकी, पाच वाजता पुन्हा माग. खट्, धप्. खट्, धप्. विणायचे साधे पंचेच, पण गुणगुणायचे. मी दारात गेली की गुणगुणणं बंद.

वरच्या खोलीत काजल भाड्यानं राहते. कुहीकडची पोट्टी, इथं बँकेत आहे. ती मोबाइल घेऊन रील काढायला यायची. "काका, जरा धोटा हळू फेका ना, व्हिडिओत दिसत नाही." आणि काका हळू फेकायचे. मी भाजी हळू परतायला सांगितली असती तर ऐकलं नसतं.

एप्रिलमध्ये एक दिवस ह्यांचा सदरा धुवायला काढला, तर खांद्यावर केस. काळाभोर, हातभर लांब, तेल लावलेला. माझे केस पांढरे आहेत, मी रंगवत नाही. मी केस उन्हात धरून पाहिला आणि तसाच ह्यांच्या नाकासमोर नेऊन धरला.

"हा कोणाचा जी?"

"मले काय मालूम?"

"सदरा तुमचा, अन् तुम्हाले मालूम नाही?"

"धाग्यात आला असंल."

"धाग्याले केस येते का?"

"सिंधू, कायले डोकं खाऊन राहिली वं सकाळी सकाळी?" असं म्हणून हे गेले मागावर, आणि लागले गुणगुणायला. दुसऱ्या दिवशी पंच्याच्या काठात एक केस विणलेला सापडला. तिसऱ्या दिवशी अजून एक. मी काजलला जिन्यात गाठून म्हटलं, "बाई, केस बांधून येत जा मागावर." ती बिचारी काहीच न समजून 'हो काकू' म्हणाली. तिच्या केसांना मी नीट पाहिलं. तिनं ते अर्धे लाल करून घेतले होते.

मग ती सुट्टी टाकून आठ दिवस कुहीला गेली. केस येतच राहिले.

४

तेव्हा मी भिंग घेतलं. शाळेतून निरोपाला मिळालेलं, पितळी दांड्याचं. हे बँकेत गेले होते. खोलीत कूलर नाही, ह्यांना सुतासाठी ओल चालते पण वारा चालत नाही, म्हणून दार-खिडकी बंद. आत ओल्या सुताचा वास आणि त्यात हलका खोबरेल तेलाचा.

काठाचा डावीकडचा शेवटचा उभा धागा सुताचा नव्हता. तो केस होता. पंच्यात विणला गेलेला, फणीतून मागे गेलेला, मागे सगळ्या धाग्यांसोबत ताणून बसलेला. एकच केस. मी बोट लावून त्याच्या मागे मागे गेली. मागच्या लाकडाला सगळे धागे गुंडाळलेले होते. हा त्या लाकडाखाली गेला आणि खड्ड्याकडे वळला. खड्ड्यात मी वाकून पाहिलं. पावड्या दिसल्या, खाली सुताचा कापूस जमलेला दिसला, केसाचं टोक काही दिसलं नाही.

हे तेवढ्यात फाटकातून आत आले. गाडी लावली आणि अंगणातल्या झाडांना पाणी घालायला लागले, नळीचा आवाज ऐकू येत होता. मी केस चिमटीत धरला आणि हळूच ओढला.

नळी खाली पडल्याचा आवाज आला.

"काय वं?" हे बाहेरून म्हणाले. "हाक मारली का?"

"नाही."

थोडं थांबून मी पुन्हा ओढला.

"अवं, काय आहे? येऊन राहिलो ना!" हे दारात आले, हात ओले, आणि माझ्याकडे पाहायला लागले. डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाले, "आईसारखी हाक मारली तू."

५

मी कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर उभी रेघ मारली आणि लक्षणं लिहून काढली. हसा खुशाल. मला दुसरं काही येत नाही.

अन्न: सूत खातो. पण सूत ह्यांनीच घातलेलं असतं, तेव्हा हे धरायचं नाही. बाहेर टाकणं: रोज सकाळी खड्ड्यात ओंजळभर कापूस निघतो. सूत घासलं की तंतू निघणारच. कापूस कोमट का लागतो, तर खोली बंद असते. श्वास: दुपारी सगळे उभे धागे जरासे सैल पडतात आणि पुन्हा ताणतात. हवेतली ओल कमीजास्त होते, सूत तेच करणार. डिवचलं तर कळणं. इथं मी पेन थांबवलं. हे खोलीत आले की धागे सैल, मऊ. मी आली की ताठ. हे मी दहा वेळा करून पाहिलं. शेवटी लिहिलं, 'माझ्या पायांचा भार जास्त, जमीन दबते.' माझं वजन ह्यांच्यापेक्षा कमी आहे.

मे महिन्यात एक दिवस दुपारी दोनला मी जेवणाची भांडी आवरून कूलरसमोर आडवी झाली. बाहेर नागपूरचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही. कूलरच्या घरघरीतून तिकडून आवाज येत होता. खट्, धप्. खट्, धप्. मला आला राग. जेवण झाल्याबरोबर पळाला हा माणूस. दोन शब्द बोलला नाही. मी तशीच पडल्या पडल्या बडबड करत होती, "लग्न त्याच्याशीच करायचं होतं! मला कायले आणलं मंग?" माग आपला चालू. ठेक्यात, कौतुकानं, कोणी मांडीवर थोपटतं तसा.

फाटक वाजलं. हे घामाघूम होऊन आत आले, हातात कैऱ्यांची पिशवी.

"प्रतापनगर चौकातून आणल्या. तू झोपली होती, म्हणून सांगितलं नाही," हे म्हणाले. "काय झालं? अशी काय पाहून राहिली?"

आवाज थांबलेला होता. मी ह्यांना ढकलून खोलीत गेली. धोटा जागेवर होता, धागे स्थिर होते. सकाळी पंचा कुठवर आला ते मी पेन्सिलीनं खूण करून ठेवलं होतं. खूण चार बोटं पुढे सरकलेली होती.

हे माझ्या मागून आले, पंच्यावर हात ठेवला आणि हसले. "वाढते थो," एवढंच म्हणाले. घाबरले नाहीत. मला तेव्हा भीतीपेक्षा जास्त हेच लागलं, की ह्यांना हे माहीत होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

६

लग्नाला पाच वर्षं झाली असतील. आमच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, धंतोलीचे दोन डॉक्टर झाले होते. उमरेडला गेली होती तेव्हा सासूबाईंनी मला मागावर बोलावलं. त्यांचा अंबाडा त्या वयातही मुठीत मावत नव्हता.

"सिंधू वं, माह्यं आईक. तुह्या डोक्याचा एक केस काढ, अन् काठाच्या धाग्याले सांध. मागाले आपलं काही द्या लागते, तवा थो देते."

"काय देतो?"

"मले आठ वर्सं लेकरू नोतं. शालिक काय उगाच झाला का?"

मी हसली. बीएस्सी झालेली होती ना! म्हटलं, "आई, केसाले जीव नसते. केस मेलेला असते."

त्यांनी धोटा थांबवला. "मेलेला असते, तं वाढते काहून?"

मी त्यांना मुळाशी होणारी वाढ समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "मंग राहा रिकामी." त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

आता मे महिन्यात मी त्या खोलीत उभी राहून हिशोबानं विचार करायला पाहत होती. साठ वर्षांपूर्वी सांधलेला केस साठ वर्षांपूर्वीच कापडात निघून गेला असणार, ते कापड विकलं गेलं, फाटलं, त्याचं पोतेरं झालं. मागावर तो राहूच शकत नाही. फक्त तो वाढत असेल तरच राहील.

आणि ह्यांच्या खांद्यावर, ह्यांच्या गुणगुणण्यात, ह्यांच्या त्या भरून आलेल्या आवाजात, म्हातारी जळून सहा महिने झाले तरी तिचाच केस. मी मेल्यावर माझं काय राहणार होतं? एक भिंग.

७

भाच्याच्या साखरपुड्याला हे उमरेडला गेले. मी डोकं दुखतं म्हणून राहिली. तिथं पोचल्याचा ह्यांचा फोन आला आणि मी शाळेची कात्री घेऊन खोलीत गेली.

सगळा माग कापायचा असं ठरवून गेली होती. खरं सांगते, हजारच्या हजार धागे कापायचे, लाकडं भंगारवाल्याला द्यायची, खड्डा बुजवायचा आणि वर कुंडी ठेवायची. कात्री उघडली तर धागे इतके ताठ झाले की एकदम बारीक आवाज आला. मला घाबरत होता तो. तीस वर्षं मला वर्गातली मुलं घाबरली, पण असं कोणी घाबरलं नव्हतं. माझा हात थांबला.

मग मी फक्त तो केस कापला. फणीच्या पुढे एकदा, आणि मागे खड्ड्याजवळ एकदा.

दुखलं का? कोणालाच नाही. सगळे धागे मात्र एकदम सैल पडले, लोंबकळले, आणि पुन्हा काही उचलले गेले नाहीत. खोली इतकी शांत झाली की शेजारच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मी वाट पाहिली. कात्री खाली ठेवली. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि मला रडू आलं. का ते मी तेव्हा समजून घेतलं नाही. मी वेणी सोडली. केस पांढरे झाले तरी अजून लांब आहेत. एक उपटला. हे करतात तसं चिमटीत राख घेतली, पंच्याकडच्या काळ्या टोकाला माझा पांढरा पिळला. तो बसला. फणीतून मागे ओवून नेला. मागच्या टोकाला लावायला गेली तर पुरला नाही, दोन बोटं कमी पडला.

म्हणून मी मागावर बसली, खड्ड्यात पाय सोडले, आणि वाकून तो खाली ओढायला लागली. पावड्यांपाशी कापूस होता. रोजच्यापेक्षा जास्त, उबदार. केसाचं टोक माझ्या हातातून निसटून खाली गेलं, आणि धागे हळूहळू उचलले गेले. सगळे. माझ्यासाठी सैल, मऊ.

मग खाली कापसात काहीतरी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लागलं. चाचपलं. आणि अंगठा धरला.

ज्यांना लेकरं झाली त्यांना ती पकड माहीत असते. मला नव्हती माहीत. मी फक्त शेजारणींच्या लेकरांना बोट दिलं होतं आणि सोडवून परत दिलं होतं. मी खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कॅलेंडरवर काय लिहायचं ते मला कळलं असतं, आणि मला ते नको होतं. किती वेळ बसली, माहीत नाही. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला.

भाचा होता. "मामी, मामाले चक्कर आली. जेवताजेवता बसल्या जागी घास तसाच राह्यला. अकराच्या सुमाराले. आता बरे हायेत, पण बोलून नाही राहिले."

मी कात्री अकरालाच चालवली होती.

८

हे परत आले. डॉक्टरांनी सगळं तपासलं, बीपी, शुगर, डोक्याचा फोटो. सगळं ठीक. थकवा म्हणाले.

बाकी काही बदललं नाही म्हणा. ताट वाढलं की जेवतात. दार उघडलं की फिरायला जातात. आणि दुपारी चहाला माझ्यासमोर बसतात, अगदी मला हवं होतं तसे, तासभर, हलत नाहीत. मी विचारलं, "साखर झाली का जी?" तर पाहत राहतात, आणि कप रिकामा झाल्यावर, मी दुसऱ्या कामाला लागल्यावर, मागून म्हणतात, "झाली."

मागावर मी बसते आता. ह्यांनी दोनदा यायला पाहिलं, तर धागे ताठ झाले. मी म्हटलं, तुम्ही आराम करा. पंचा माझ्या हातानं बरा निघतो. काठाला पांढरी रेघ दिसते, बारीक. रोज चार बोटं वाढते. मी विणते तेव्हा डोक्यात एका ठिकाणी हलकी ओढ लागते. दुखत नाही. कोणीतरी आपल्याला धरून आहे एवढंच कळतं.

परवा रविवार होता. रविवारी हे ओसरीत कागद पसरून नखं कापतात, छत्तीस वर्षं कापतात, आणि छत्तीस वर्षं ती उडालेली नखं मी झाडून काढते. कागद पसरला, नेलकटर हातात घेतलं, आणि नुसते बसून राहिले. मी जवळ जाऊन हात पाहिले. नखं उमरेडला जायच्या आधी कापली होती, तेवढीच होती. त्याला चार आठवडे झाले. मग मी ह्यांच्या हनुवटीवर हात फिरवला. दाढीचं सामान न्हाणीघरात कोरडं पडलं होतं, ब्रशवर धूळ बसलेली. गाल गुळगुळीत होता, थंड.

"सिंधू," हे बऱ्याच वेळानं म्हणाले, "श्वास घ्यायची याद ठेवा लागते वं. विसरलो तं राहून जाते."

मी तिथंच खाली बसली. कागदावर एकही नख नव्हतं.

९

कापलेला काळा केस मी टाकलेला नाही. कंपासपेटीत, कागदाच्या पुडीत ठेवला आहे. पुडी उघडली की अजून खोबरेल तेलाचा वास येतो. सांधायला दोन मिनिटं लागतात. पण काठाची ती जागा एकच आहे, दुसरीकडे मी लावून पाहिला, धागे धरत नाहीत, केस गळून पडतो. काळा लावायचा तर पांढरा कापावा लागेल.

हे मला कळतं. मी काही वेडी नाही. ज्या माणसासाठी मी छत्तीस वर्षं जळली, तो बाहेर ओसरीत खुर्चीवर बसलेला आहे आणि त्याला मी आत्ता उठून वाचवू शकते. आज सकाळी तेच ठरवून आली होती. पुडी आणली, कात्री आणली, राख घेतली, आतून कडी लावली.

बसली, पाय खाली सोडले. आज दोन्ही अंगठे धरले. पकड परवापेक्षा घट्ट आहे, आणि हात मोठे झालेत. कापसातून ऊब वर येते. मी कात्री उचलली तर धागे ताठ झाले नाहीत. काल-परवापर्यंत व्हायचे. आता भरवसा बसला आहे.

कॅलेंडरचं पान समोर भिंतीला लावलेलं आहे. शेवटचं लक्षण सोडून सगळ्यांपुढे खुणा करून झाल्या आहेत.

बाहेर खुर्ची सरकली. ह्यांची पावलं आली, एकेक, मध्ये बराच वेळ थांबत. दारापाशी थांबली. कडी हळूच हलली.

"सिंधू वं," हे म्हणाले. मग नुसती शांतता. मग आठवून घेतलेला एक श्वास. "उघड ना. मले बरं नाही वाटून राहिलं."

मी कात्रीकडे पाहिलं. खाली माझा अंगठा कोणीतरी हळू हलवला, खेळायला बोलवावं तसा. आणि कापसातून अगदी लहानसा आवाज आला.

दाराबाहेर तो ऐकू गेला असावा. ह्यांनी कडी सोडली.

"आत कोण आहे वं?"

मी पुडी परत कंपासपेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"माहं आहे," मी म्हटलं, आणि धोटा फेकला.